घसरण कुठे ठेवायची

वसमत भागात ऊसतोड सुरू झाली की माझ्या गॅरेजात येणाऱ्या ट्रॅक्टरांना एकच वास असतो, जळालेल्या लाइनरचा. चालक उतरण्याआधी तो वास पोचलेला असतो. मग तो सांगतो, "मिस्त्री, इंजन वरडायलंय, पण गाडी वढंना गेलीय." निदान त्या एका वाक्यात झालेले असते. इंजिनात तयार झालेली ताकद चाकापर्यंत जात नाही, वाटेत खर्च होते आणि तिची उष्णता होते. ती जिथे खर्च होते ती जागा म्हणजे क्लच. माझ्या कामाच्या आयुष्याचा मोठा भाग याच जागेवर गेला आहे.

ट्रॅक्टरचा क्लच नुसता डोकावून दिसत नाही, त्यासाठी ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो. ट्रकला खाली लोखंडी चॅसी असते आणि बाकी सगळे तिच्यावर बसवलेले असते. ट्रॅक्टरला तशी चॅसी नाही. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना बोल्टांनी आवळलेले असतात आणि तोच त्याचा कणा. 1917 साली आलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरपासून ही रचना जगभर रुळली, ती आजतागायत आहे. म्हणून क्लचचे काम निघाले की आधी पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या, कारण तो एक्सल मधल्या पिनेवर डुलतो आणि ट्रॅक्टर तुटल्यावर इंजिन कुशीवर कलंडू शकते. मग गिअरबॉक्सखाली टेकू, इंजिनाखाली ट्रॉली जॅक, बोल्ट काढायचे आणि दोन भाग हळूहळू एकमेकांपासून दूर सरकवायचे. हे करताना मी मदतनिसांना बोलू देत नाही. दोन टनांचे यंत्र आपल्या मांडीजवळ दुभंगत असते.

उघडल्यावर प्लेट सगळे सांगते. एकाच कडेला झिजली असेल तर प्रेशर प्लेटच्या फिंगर एका पातळीत नाहीत. लाइनर काचेसारखा चकचकीत झाला असेल तर चालक पेडलवर पाय ठेवून गाडी चालवतो. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक भेगा दिसल्या तर भरल्या ट्रॉलीला चढावर अर्ध्या क्लचवर धरून ठेवलेले आहे. अशा वेळी फ्लायव्हील लेथवर फेसिंगला पाठवल्याशिवाय नवी प्लेट बसवण्यात अर्थ नसतो. प्लेट झिजून पातळ झाली की साध्या स्प्रिंगा कमी दबतात, त्यांचा जोर उतरतो. जोर उतरला की घसरण वाढते आणि घसरण वाढली की प्लेट आणखी झिजते. सुरुवातीला हा फेरा सावकाश चालतो, शेवटी मात्र एका खेपेत सगळे आटोपते.

आता मालकांचे म्हणणे. बहुतेक जण म्हणतात, "मिस्त्री, अशी कडक प्लेट टाका की परत घसरलीच नाही पाहिजे." तशी प्लेट मिळते. लाइनरऐवजी तिच्यावर धातू आणि सिरॅमिकच्या मिश्रणाच्या जाड टिकल्या असतात, आमच्याकडे तिला बटण प्लेट म्हणतात. ती उष्णता सोसते आणि पकडते ती झटक्यात. पण तो झटका नाहीसा होत नाही, तो पुढे जातो. शाफ्टला, गिअरच्या दातांना, क्राउन-पिनियनला. प्लेटचा खर्च वाचवायला गेलेला माणूस पुढे गिअरबॉक्स घेऊन येतो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून प्लेट निवडताना मी आधी विचारतो, ट्रॅक्टर करतो काय? उसाची जोड ट्रॉली ओढतो, रोटाव्हेटर मारतो, की हळदीच्या दिवसांत शेतात एका जागी उभा राहून पीटीओवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर, पॉलिशचा ड्रम फिरवतो? पेडल निम्मे दाबले की चाक थांबते आणि पुरते दाबले की पीटीओ थांबतो, अशा दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात तर दोन वेगळ्या प्लेटांचे दोन वेगळे जगणे असते. सोयाबीनच्या मळणीत झिजते ती एक, उसाच्या वाहतुकीत झिजते ती दुसरी.

या सगळ्यातून माझी एक समजूत पक्की झाली. इंजिनाची ताकद आणि जमिनीची पकड कधीच बरोबर जुळत नाहीत. जिथे ताकद जास्त होते तिथे काहीतरी घसरणारच, आणि घसरायला जागा दोनच आहेत. टायर आणि जमीन यांच्या मध्ये, नाहीतर प्लेट आणि फ्लायव्हील यांच्या मध्ये. आपल्या काळ्या मातीत पावसाळी चिखल झाला की टायर फिरतात. चालक चिडतो, पण क्लच वाचतो. तोच ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर ऊस भरून उभा राहिला की टायर जमीन सोडत नाहीत, ओझे हलत नाही आणि सगळा भार प्लेटवर येतो. तिसरी जागा म्हणजे मोडतोड. जो क्लच घसरतच नाही आणि जे टायर घसरतच नाहीत, त्यांच्या मधले सर्वांत कच्चे लोखंड तुटते.

याच समजुतीच्या वाटेने मी एका अशा गाडीपर्यंत पोचलो जी आपल्या देशात धावत नाही. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस झाल्या आहेत, पण त्या पेट्रोलच्या मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या. मी म्हणतो ती अमेरिकेतली नायट्रोवर धावणारी टॉप फ्युएल गाडी. ज्याने बैलांचा शंकरपट पाहिला आहे त्याला ड्रॅग रेस फार समजवावी लागणार नाही. वळण नाही, फेरी नाही. दोघे शेजारी, रेषा सरळ, आणि कोण आधी पोचतो एवढाच हिशेब. पूर्वी हे अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर होते. 2008 साली स्कॉट कलिटा या चालकाचा अपघातात मृत्यू झाला आणि या गाड्यांसाठी ते हजार फुटांवर, 305 मीटरवर आणले गेले. एवढे अंतर ती पावणेचार सेकंदांच्या आत कापते आणि शेवटी तिचा वेग ताशी 530 किलोमीटरच्या पुढे असतो.

तिचे इंजिन 8.2 लिटरचे, आठ सिलिंडरचे. इंधन सुमारे 90 टक्के नायट्रोमिथेन, बाकी मिथेनॉल. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल नीट जाळायला पंधराएक किलो हवा लागते, याला पावणेदोन किलोच्या आसपास पुरते. किलोमागे उष्णता पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी, पण तेवढ्याच हवेत आठपट इंधन ओतता येते, म्हणून एकूण जोर दुपटीच्या वर जातो. वर सुपरचार्जर कोंबून हवा भरतो. अश्वशक्ती अकरा हजारांच्या घरात. आमच्याकडच्या पन्नास अश्वशक्तीच्या हिशेबाने दोनशे वीस ट्रॅक्टर एका धुऱ्यावर जुंपल्यासारखे झाले, आणि गाडीचे वजन मात्र एका ट्रॅक्टरच्या निम्मे.

आणि या गाडीला गिअर नाहीत. हे मला प्रथम कळले तेव्हा मी वाचन थांबवून विचार करत बसलो. मागे यायला एक उलटा गिअर आणि पुढे जायला सरळ जोडणी, बस्स. म्हणजे गाडी उभी आहे आणि इंजिन हजारोंच्या फेऱ्यांत आहे, या दोन टोकांना जुळवून आणण्याचे सगळे काम एकट्या क्लचवर. मोटारीत जे पाच-सहा गिअर मिळून करतात, ते इथे प्लेटांच्या घसरण्यातून होते.

त्यासाठी एक प्लेट पुरत नाही, पाच-सहा असतात. धातूच्या भुकटीपासून बनवलेल्या, आणि दोन प्लेटांच्या मध्ये पोलादी चकती. दाब देण्याची रीतही आमच्यापेक्षा वेगळी आहे. आमच्या क्लचमध्ये स्प्रिंगा प्लेटला कायम दाबून धरतात आणि पेडल तो दाब सोडवते. तिथे दाबाचे मुख्य काम फिरत्या लिव्हरांचे, त्यांच्या टोकांना वजने लावलेली. इंजिन फिरू लागले की ती बाहेर फेकली जातात आणि लिव्हर प्लेटांवर दाब देतात. फेऱ्या दुप्पट झाल्या की दाब चौपट. असा दाब मोकळा सोडला तर क्लच क्षणात घट्ट होईल आणि टायर फिरू लागतील, म्हणून लिव्हरांसमोर रिलीज बेअरिंग आडवे धरलेले असते. चालकाने पेडल सोडल्यावर ते बेअरिंग हवेच्या दाबावर, आधी ठरवून ठेवलेल्या टायमरप्रमाणे, टप्प्याटप्प्याने मागे सरकते. आधी थोडा दाब, मग थोडा जास्त. धावेच्या उत्तरार्धात कुठेतरी प्लेटा पुऱ्या जखडतात आणि इंजिन व धुरा एकजीव होतात. गाडीत कॉम्प्युटर असतो, पण तो नोंद ठेवायला. धावताना क्लचला हुकूम द्यायची त्याला परवानगी नाही. जे ठरवायचे ते मिस्त्रीने आधी ठरवायचे, लिव्हरच्या टोकाला चार-दोन ग्रॅम वाढवून किंवा काढून.

चार-दोन ग्रॅम! ट्रॅक्टरच्या फिंगर सेट करताना मी फीलर गेज घेऊन बसतो तेव्हा शेजारचे लोक म्हणतात, एवढं बारीक कशाला, शेतातच तर जायचंय. अकरा हजार अश्वशक्तीचा माणूस ग्रॅम मोजतो, हे मी त्यांना आवर्जून सांगतो.

प्रत्येक धावेनंतर तो क्लच उघडतात. प्लेटांची जाडी मोजतात, कोणती किती झिजली ते लिहितात. कारण झीज हा तिथे दोष नाही, तो हिशेबात धरलेला खर्च आहे. कमी झिजली तर क्लच लवकर पकडला, जास्त झिजली तर उशिरा. आमच्याकडे क्लच घसरला की तो बिघाड असतो. त्यांच्याकडे घसरण हीच कारागिरी आहे, फक्त ती टायरखाली जाता कामा नये.

चॅसीतही त्यांनी तेच केले आहे असे मला वाटते, जे टाळता येत नाही ते हिशेबात धरले आहे. ती क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या वेल्डिंगने जोडून बनवतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये 300 इंच, म्हणजे साडेसात मीटरच्या वर अंतर. एवढी लांबी कशासाठी, हे आमच्या भागातल्या कोणत्याही चालकाला उमजेल. भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलतात. साखळी एक्सलच्या वर बांधून अडकलेले वाहन ओढायला गेलेला ट्रॅक्टर पाठीमागे उलटतो आणि चालक खाली सापडतो. त्यावर उपाय म्हणून आपण पुढे बंपरवर वजने लावतो, ओढ खालच्या हुकावर घेतो. या गाडीत लोखंड वाढवून चालणार नाही, म्हणून पुढचे टोक लांब नेले. थोडे वजन दूर ठेवले की त्याचा आवर वाढतो. शिवाय मागे छोट्या चाकांची दांडी असते, नाक उचललेच तर गाडीला टेकायला.

आणि त्या गाडीला स्प्रिंगा नाहीत, जशा ट्रॅक्टरच्या एक्सलला नाहीत. ट्रॅक्टरला बांधावरून जाताना चारही चाके टेकवायची तर पुढचा एक्सल पिनेवर डुलतो, ती त्याची सैल जागा. या गाडीत चॅसी स्वतः वाकते. सुटताना तिची पाठ कमानीसारखी उचलते, मागचे रुंद टायर कमी हवेमुळे सुरकुततात आणि जमिनीला चिकटतात. पुढे वेग वाढला की तेच टायर ताणून उंच होतात, चाकाचा घेर वाढतो आणि गिअर बदलल्यासारखा परिणाम मिळतो. अशी चॅसी नुसती मजबूत असून भागत नाही. ती किती वाकेल हेही बांधणाऱ्याला ठरवावे लागते. वेल्डिंग करणाऱ्या आमच्या पोरांना हे पटवणे अवघड जाते. तुटलेल्या ट्रॉलीला दिसेल तिथे पट्टी मारायची त्यांना सवय असते, आणि मग पट्टी संपते तिथेच ती पुन्हा तुटते.

या कारागिरीला रक्ताची किंमतही मोजावी लागली आहे. पूर्वीच्या अशा गाड्यांत इंजिन पुढे आणि चालक मागच्या एक्सलच्याही मागे बसायचा, क्लच आणि ट्रान्समिशन त्याच्या पायांशी. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स ट्रॅकवर डॉन गार्लिट्स या चालकाच्या गाडीचे ट्रान्समिशन सुटतानाच फुटले. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्यांनी नंतर इंजिन चालकाच्या मागे नेऊन नवी गाडी बांधली आणि 1971 मध्ये तिच्यावर विंटरनॅशनल्स ही स्पर्धा जिंकली. काही वर्षांत सगळ्यांनी तीच रचना घेतली. आज त्या क्लचभोवती टायटॅनियमचे जाड कवच असते. मी ही गोष्ट नव्या मुलांना सांगतो ती वेगाच्या कौतुकासाठी नाही. फ्लायव्हीलसमोर, फिरत्या प्लेटच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, हे त्यांच्या अंगात भिनावे म्हणून.

अशा गाडीचा क्लच सेट करणारा कोणी माणूस कधी भेटला तर त्याला मला एकच विचारायचे आहे. दुपारी उन्हाने ट्रॅक तापला की पकड कमी होते आणि ते लोक क्लच उशिरा पकडायला लावतात. संध्याकाळी ट्रॅक थंडावला की दाब वाढवतात. उष्णता थर्मामीटरवर दिसते. पण ऊन उतरत असताना, ट्रॅक अर्धा सावलीत आणि अर्धा उन्हात असताना, डावी लेन आणि उजवी लेन वेगळ्या झालेल्या असताना, वजन किती ग्रॅम ठेवायचे हे तो कशावरून ठरवतो? मला प्लेट उघडल्यावर कळते. त्याला ते उघडण्याच्या आधी कळावे लागते.