मॉरिस मायनरची पाठचिकित्सा

मराठीत 'सलून' म्हणजे केशकर्तनालय. त्यामुळे २०१६ साली मी धाकट्या भावाला 'एक जुने ब्रिटिश सलून विकत घेतले आहे' असे कळवले, तेव्हा त्याचा पुण्याहून ताबडतोब फोन आला : "दादा, ग्रंथालयातली नोकरी सुटली का तुझी?" इंग्रजांच्या भाषेत सलून म्हणजे बंद टपाची, घरातल्या माणसांना घेऊन जाणारी साधी मोटार, हे त्याला समजावून सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मग नोकरी सुटलेली बरी." त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे पुढच्या दोन वर्षांत माझ्या ध्यानात आले.

गाडी १९५९ सालची, चार दरवाजांची, करड्या रंगाची मॉरिस मायनर १०००. मी ऑक्सफर्डमध्ये राहतो आणि ही गाडी ऑक्सफर्डच्याच काउली भागातल्या कारखान्यात तयार झालेली. विटनीजवळच्या एका खेड्यात, पतीच्या निधनानंतर एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंकडून मी ती घेतली. किमतीवरून त्यांनी घासाघीस केली नाही. मात्र गाडीबरोबर एक काळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या हाती ठेवली आणि म्हणाल्या, "ही वही ज्याला नको असेल त्याला गाडीही द्यायची नाही, असं ते सांगून गेलेत."

त्या वहीविषयी लिहिण्याआधी गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मायनरचा आराखडा ॲलेक इसिगोनिस यांचा. पुढे १९५९ मध्ये आलेली मिनीही त्यांचीच. १९४८ च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांसमोर आली. परंतु त्याच्या थोडेसेच आधी, सारे ठरून गेल्यावर, इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापवली, दोन्ही अर्धे दूर सरकवून पाहिले आणि चार इंच अंतरावर त्यांचे समाधान झाले. ते चार इंच आजही दिसतात. मायनरच्या बॉनेटवर मध्यभागी जी सपाट, किंचित उंच पट्टी आहे, ती त्या रुंदीची खूण. बंपर तर आधीच घडवून झाले होते. तेही मधे कापून तुकडा जोडावा लागला. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' मायनर म्हणतो, त्या मुळातच कर्त्याने केलेला एक प्रक्षेप आहे, आणि त्याने तो लपवलेला नाही.

'प्रक्षेप' हा शब्द इथे सहज आला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पुण्यात एम.ए.ला असताना आम्हांला पाठचिकित्सा शिकवणारे जे सर होते, त्यांनी या शब्दाची सवय लावली. भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीचे खंड ते वर्गात आणत आणि मुख्य संहितेऐवजी पानाच्या तळाकडे बोट दाखवत. "वर काय छापलंय ते कोणीही वाचील. खाली काय टाकलंय ते वाचा," असे त्यांचे सांगणे. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे ही प्रत्येक मराठी घरातली कथा त्या आवृत्तीत परिशिष्टात गेली आहे, हे प्रथम कळले तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांना राग आला होता. सरांनी शांतपणे सांगितले, "परिशिष्टात गेली, फेकून दिलेली नाही. त्यातला फरक कळला की हा विषय कळला."

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारी बाळगणाऱ्यांचे दोन पंथ आहेत, आणि त्यांची भांडणे ऐकताना मला सतत तो वर्ग आठवतो. एक पंथ मूळवाद्यांचा. त्यांना गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तशी हवी. तारांच्या वेष्टणाचा रंग आणि स्क्रूचा आटा यांवरून ते हमरीतुमरीवर येतात. दुसरा पंथ सुधारकांचा. गाडी रोज रस्त्यावर धावली पाहिजे हे त्यांचे ब्रीद. डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर, इग्निशनला प्लॅटिनम पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक जोडणी, चार गिअरच्या पेटीऐवजी फोर्डची पाच गिअरची पेटी, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. बाथ येथे मायनरचे केंद्र चालवणारे चार्ल्स वेअर हे या दुसऱ्या पंथाचे मोठे नाव. जुनी गाडी हीच टिकाऊ गाडी, तिचे भाग बदलत राहावे आणि नवी विकत घेण्याच्या फेऱ्यातून सुटावे, असा त्यांचा विचार होता. मायनरचे पत्र्याचे भाग श्रीलंकेत घडवून आणण्याचा उद्योगही त्यांनी पुढे केला. पहिल्या पंथाचीही संहिता आहे. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१३ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिनची सनद ही वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेवरून बेतलेली आहे. मोटारीला देवळाच्या आणि हस्तलिखिताच्या पंक्तीला बसवणारी ही कल्पना मला वेडगळ वाटली नाही, हे कबूल करतो.

वाहनांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्यानेही या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले होते. फेरफार केलेल्या गाडीला जुना नोंदणी-क्रमांक ठेवायचा तर मूळ भागांचे किमान आठ गुण भरावे लागत. सांगाड्याला पाच; सस्पेन्शन, आस, गिअरपेटी आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला? एक. ज्याला आपण मोटारीचे हृदय म्हणतो त्याला परीक्षकाने एक गुण द्यावा, यातला तुसडेपणा मला फार आवडला. (२०२५ मध्ये जुन्या गाड्यांपुरते हे नियम बरेच सैल झाले.)

मी अर्थात पहिल्या पंथाचा होतो. सरांचा विद्यार्थी दुसरे काय होणार? माझ्या गाडीला दारांमधल्या खांबातून बाहेर येणारे, नारिंगी काचेचे, दिवा लागणारे हात होते. त्यांना ट्रॅफिकेटर म्हणतात. १९६१ मध्ये मायनरला उघडझाप करणारे दिवे आले आणि हे हात गेले. वळायचे असले की 'टक्' असा आवाज होऊन हात बाहेर यायचा. कधी अडकायचा, मग खांबावर आतून बुक्की मारावी लागे. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि बुक्कीचे काम तिच्याकडे होते. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, सात इंची. मित्रांनी बदलायला सांगितले. मी त्यांना एकनाथांचा दाखला दिला : शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केल्यावर नाथांनी बजावून ठेवले की, यापुढे यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल. डिस्क ब्रेक म्हणजे नरोटी, असे माझे मत होते आणि ते मी मोठ्या ऐटीने मांडत असे.

२०१७ च्या नोव्हेंबरातली एक संध्याकाळ. हेडिंग्टनचा उतार, पाऊस, शेजारी मुलगी. उताराच्या पायथ्याशी एक सायकलवाली विद्यार्थिनी अचानक आडवी आली. मी ब्रेक दाबला. ओले ड्रम एका बाजूला ओढू लागले, गाडी तिरपी झाली आणि घसरत, माझ्या पायाखाली ज्याचा काही संबंध उरला नव्हता अशा वेगाने पुढे गेली. थांबली तेव्हा सायकल हातभर अंतरावर होती. ती मुलगी काहीच बोलली नाही. घाबरून तशीच निघून गेली. माझ्या मुलीने मात्र विचारले, "बाबा, थांबत का नव्हती?" याला मी काय उत्तर द्यावे? 'ती मूळ आहे म्हणून' असे?

त्या रात्री बायको एवढेच म्हणाली, "तुला त्यात एकट्याने काय करायचं ते कर. पोरीला परत त्यात बसवायचं नाही." तिचा आवाज चढला नव्हता, हे जास्त बोचले.

वही तोवर मी चाळली होती, वाचली नव्हती. आता वाचली. १९६३ पासूनच्या नोंदी. आधी निळी शाई, मग बॉलपेन, शेवटची काही वर्षे कापऱ्या अक्षरात पेन्सिल. ग्रीस कधी मारले, तेल कधी बदलले, पत्रा कुठे जोडला. पुढच्या चाकाखालच्या ट्रनियनना दर महिन्याला ग्रीस मारल्याची खूण आहे. ते चुकले तर मायनरचे चाक एके दिवशी मोडून बाजूला पडते, हे सगळेच मायनरवाले जाणतात. १९९९ च्या पानावर सिलिंडरच्या हेडमध्ये कठीण धातूच्या व्हॉल्व्ह-सीट बसवल्याची नोंद आहे, कारण त्या वर्षअखेर शिसेयुक्त पेट्रोल देशातून जाणार होते. आणि १९७४ च्या पानावर एक ओळ : इंजिन बदलले, मोडीत निघालेल्या मायनर व्हॅनचे १०९८ सीसीचे बसवले.

म्हणजे ज्या ९४८ सीसीच्या 'मूळ' इंजिनाची घरघर मी पाहुण्यांना कौतुकाने ऐकवत होतो, ते इंजिन माझ्या जन्माच्या आधीच गाडीतून गेले होते. इंजिनावरचा क्रमांक पाहण्याचे साधे कष्टही मी घेतले नव्हते. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने प्रतीची पुष्पिका न वाचावी, तसे हे झाले. आणखी एक गोष्ट. १९७४, १९८१ आणि १९९० या तीन वर्षांच्या शेवटी तेच शब्द होते : 'ब्रेक — पुढच्या वर्षी.'

सुकथनकरांनी १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे की, ही संहिता व्यासांची मूळ नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांवरून मागे मागे जाता जितके जुने रूप हाती लागते, तितकेच. जिथे त्यांना खात्री नव्हती तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ छापली आहे. सर हे दर वर्षी सांगत आणि आम्ही दर वर्षी परीक्षेत लिहीत असू. ते मला समजायला एक सायकलवाली मुलगी आडवी यावी लागली.

इथे उत्तरपाड्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने १९५७ मध्ये ॲम्बॅसडर काढली ती २०१४ पर्यंत बनत राहिली. तिला डिझेल इंजिन आले, पुढे इसुझुचे इंजिन आले. आमच्या सदाशिव पेठेतल्या शेजाऱ्यांच्या ॲम्बॅसडरमध्ये मेस्त्रीने काय काय कोंबले होते ते त्यालाही सांगता आले नसते, पण 'ही मूळ आहे का' असे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. काउलीत सलून मायनरची शेवटची प्रत १९७० मध्ये निघाली. पोथी बंद झाली आणि तेव्हापासून टीकाकारांची सोय झाली. उत्तरपाड्यात तेच घराणे कीर्तनकारांच्या तोंडी वाढत राहिले.

ब्रेक बदलायचे हे ठरल्यावर प्रश्न उरला कोणते. फोर्डचे कॅलिपर बसवता येतात. तो परक्या शाखेचा पाठ. मॉरिस मरीनाचे डिस्क येतात. मरीनाचे पुढचे सस्पेन्शन मायनरवरूनच घेतलेले, म्हणजे वंशज. आणि १९६२ नंतरच्या १०९८ सीसीच्या मायनरला कारखान्यानेच पुढे आठ इंची ड्रम दिले होते. ते त्याच शाखेतल्या उत्तरकालीन प्रतीतले. सरांनी निःसंशय आठ इंची ड्रम स्वीकारले असते. मीही आधी तेच मागवले होते. मग मुलीचा प्रश्न आठवला आणि डिस्क बसवले. यात तत्त्व काही नाही. मला पावसात थांबणारी गाडी हवी होती.

काढलेले ड्रम, सिलिंडर, नळ्या तेलकट कागदात गुंडाळून, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवल्या, माझे परिशिष्ट. परंतु मागे नारिंगी दिवे लावण्यासाठी दोन्ही मडगार्डना भोके पाडली, ती कोणत्या खोक्यात ठेवणार? ड्रिल हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. १९५९ च्या त्या पत्र्याला तोवर कोणी हात लावलेला नव्हता.

२०१८ च्या वसंतात गाडी घेऊन त्या बाईंना भेटायला गेलो. मुलगी बरोबर होती. बायकोने स्वतः एकदा चालवून पाहून परवानगी दिली होती. बाईंनी ब्रेकची हकीकत ऐकली. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. गावाच्या फाट्यापर्यंत आम्ही चक्कर मारली. वळताना मी दिव्यांची कळ दाबली. त्या खांबाकडे पाहत राहिल्या.

"तो आवाज कुठे गेला?" त्यांनी विचारले.

हात मी तोडले नव्हते, फक्त त्यांच्या तारा सोडवल्या होत्या, हे मी सांगितले. पुन्हा जोडता येतात हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "साठच्या आसपास वर्षं मी इथे बसले आणि तो आवाज ऐकला. ब्रेकचं मला काय कळतंय?" आणि उतरताना त्यांनी दार नेहमीपेक्षा जोरात लावले.

घरी येऊन मी तारा जोडल्या. आता वळताना दिवेही लागतात आणि हातही बाहेर येतो. दोन्ही पाठ एकाच ओळीत छापावेत असला हा प्रकार, कोणत्याही संपादकाला न शोभणारा. डावा हात अजून अडकतो. मुलगी मोठी झाली आहे, तरी बुक्की तीच मारते.

वहीत नोंद केली : तारीख, पुढचे डिस्क ब्रेक, मडगार्डना दोन भोके, जुने भाग कुठे ठेवले ते. आधीच्या साऱ्या नोंदी इंग्रजीत, म्हणून मीही इंग्रजीतच लिहिले. फक्त भोकांपुढे, का ते सांगणारी एक ओळ देवनागरीत लिहून गेलो. ही वही पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला ती वाचता येणार नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आले. खोडावी म्हणून पेन उचलले, आणि मग त्या ओळीखाली एक नागमोडी रेघ तेवढी मारली.