ताटाची विचारपूस

आहारतज्ज्ञाकडे जाणाऱ्या बहुतेकांना एक छापील कागद हवा असतो: सकाळी हे, दुपारी ते, रात्री अमुक. तो मिळतो, काही दिवस फ्रीजच्या दारावर झळकतो आणि घर पुन्हा जुन्या वळणावर येते. त्या घरात काय शिजते, कोण शिजवते आणि जेवायला कधी बसतात याची दखल कागदाने घेतलेली नसते. म्हणून अनुभवी आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीत सांगतो थोडे आणि विचारतो फार.

गेल्या २४ तासांत तोंडात काय काय गेले, हे उठल्यापासून क्रमाने विचारले जाते. ‘दोन पोळ्या, भाजी, वरण-भात’ एवढ्या उत्तरावर भागत नाही. पोळी घडीची की फुलका, वरून तेल की तूप, वाटी केवढी, भात एकदाच घेतला की ताकासाठी पुन्हा? सांगताना जे गळते, तेच पुष्कळदा महत्त्वाचे निघते: डबे भरताना घेतलेला घास, मुलाच्या ताटात उरले म्हणून संपवलेली पोळी, चारच्या चहाबरोबरची खारी, मालिका बघताना हाताशी असलेले फरसाण. नुसत्या चहाचाच हिशेब मांडून बघावा. कपाला दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाचे चार चहा झाले की ४० ग्रॅम. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन सांगते. हा हिशेब स्वतःच्या तोंडून बाहेर पडला की एक चमचा कमी करायला कोणाचा धाक लागत नाही.

शाकाहारी मराठी घरात सर्वांत जास्त गैरसमज वरणातल्या प्रथिनांबद्दल असतो. तूरडाळीत १०० ग्रॅममागे २० ग्रॅमहून थोडी अधिक प्रथिने असतात, हे खरे. पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २०-२५ ग्रॅम असते, म्हणजे प्रथिने पाचेक ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. ही तूट भरून काढायला डबाबंद पावडर आणण्याची गरज बहुतेक घरांत नसते. वरण घट्ट करावे, आठवड्यातून तीन-चारदा मटकीची किंवा मुगाची उसळ असावी, पिठले असावे, दह्याची वाटी रोज असावी. खात असल्यास अंडी आणि मासे आहेतच. उसळीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे होते. उपवासाच्या दिवशी खिचडीतला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेही तुपात परतलेले. राजगिरा, भगरीसोबत दाण्याची आमटी आणि दही हे पर्याय आपल्याच स्वयंपाकघरात आहेत, आणि उपवास न मोडता ते सुचवणाऱ्या तज्ज्ञाचे ऐकले जाते.

वजनकाट्यावर विसंबून मात्र चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच दाखला दिला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचा सारखाच, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेहाचा धोका का असतो, ते या दोन आकड्यांतून कळते. म्हणून आपल्याकडे कमरेचा घेर मोजतात. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

सवय लागायला वेळ लागतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ पुरले, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. तीन आठवड्यांतच हताश होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पहिल्या भेटीपेक्षा तिसरी-चौथी भेट मोलाची ठरते ती यामुळेच: काय जमले, काय फसले, दिवाळीत आणि लग्नसराईत काय झाले, यावर तेव्हा खरे बोलणे होते. एका वेळी एकच बदल, आणि तो सगळ्या घराने करावा. एकट्यासाठी वेगळे शिजवण्याचा भार बहुतेक वेळा घरातल्या बाईवरच पडतो, तिची दमछाक होते आणि पथ्य तिथेच संपते. तेल मोजून घालायचे तर सगळ्यांच्याच भाजीत मोजून घालावे.

तज्ज्ञ निवडताना शिक्षण विचारायला संकोच करू नये. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांत स्थान दिले आहे. तरी चार महिन्यांचा ऑनलाइन वर्ग करून सल्ला देणारेही पुष्कळ भेटतात. महिन्यात १० किलो उतरवण्याची हमी देणाऱ्यापासून आणि स्वतःचीच पावडर गळ्यात मारणाऱ्यापासून दूर राहावे. मधुमेहाची काही औषधे घेणाऱ्याने जेवण चुकवले तर रक्तातली साखर एकाएकी उतरू शकते, मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिने वाढवणे महागात पडू शकते, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल तर पालेभाज्यांचे प्रमाण अचानक बदलून चालत नाही. तेव्हा पहिल्या भेटीला जाताना रक्ततपासणीचे ताजे अहवाल आणि चालू औषधांची यादी बरोबर न्यावी, आणि घरात रोजचा स्वयंपाक जी व्यक्ती करते तिलाही शेजारच्या खुर्चीवर बसवावे.