दंडावरची चकती
मनुष्याच्या रक्तांतली साखर पाहावयाची, तर पूर्वीं त्याच्या बोटाची परवानगी घ्यावी लागे. सुई टोंचतांना दुखे, हें खरें. पण "आतां नको" म्हणण्याची सोय होती.

बेसा येथील आमच्या घरीं बाबांच्या दंडावर हल्लीं एक चकती असते. तिची केसासारखी तार 14 दिवस त्वचेखालीं राहते आणि साखरेचा आंकडा मोबाईलला कळविते. मौज अशी, कीं ती रक्त मोजीतच नाहीं. पेशींमधल्या द्रवांतली साखर मोजते. रक्तांतला फेरफार तेथें उमटावयास कांहीं मिनिटें लागतात. म्हणून आंकडा चांगला असूनहि अंगाला कांपरें सुटलें, तर बोटाच्याच रक्ताची साक्ष काढावी लागते.

झोपेंत साखर फार उतरली, कीं मोबाईल घंटा वाजवून सर्वांना जागें करतो; हे उपकार थोडे नव्हेत. परंतु बाबांनीं चोरून खाल्लेली संत्रा-बर्फीहि आतां पुण्याला बहिणीस कळते! परवां तिचा फोन आला, तेव्हां बाबा शांतपणें म्हणाले, "पोरी, आधीं मला विचारीत जा, मग यंत्राला."

त्वचेआडची वार्ता यंत्रानें खुशाल आणावी. ती कुणाला कळावी, हें मात्र ज्याचें अंग त्यानेंच ठरवावें.