अडसर

कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून पाहणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांना संशयी म्हणून हसण्याची रीत आहे. मला मात्र ती शहाणी वाटतात. कुलूप लागलेले दिसणे आणि ते खरोखर लागलेले असणे यांतले अंतर किती भयंकर असू शकते, हे शिकारी रायफलीविषयी वाचताना मला उमगले.

बोल्ट पुढे सारला की काडतूस नळीत बसते. त्याच्या बुडावर आदळणारी सुई ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर सज्ज असते आणि एक लहानसा अडसर तिला थोपवून धरतो. चाप ओढताच अडसर सरतो व बार उडतो. मग सुरक्षेची कळ कोठे बसवावी? १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीत ती थेट सुईलाच जखडते. शिवाय तिला मधला एक टप्पा आहे. त्यावर सुई बांधलेली राहूनही बोल्ट उघडतो आणि रायफल निर्धास्तपणे रिकामी करता येते. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रिग्बी याच घराण्यातली.

अमेरिकेतली रेमिंग्टन ७०० बाजारात आली १९६२ साली. तिची कळ सुईला नव्हे, अडसराला रोखी. चाप आणि अडसर यांच्यामध्ये एक सुटी पट्टी होती. मळ साचून ती जागेवर परतली नाही, तर कळ सोडताच, चापाला बोट न लागताही बार उडतो, असा आरोप तिच्यावर वर्षानुवर्षे झाला. कंपनीने तो नाकारला. त्यातून, १९८२ पूर्वीच्या रायफलींत कळ लावली की बोल्टही अडके. रिकामी करायची तर आधी कळ सोडणे भाग! मोंटानात २००० साली, शिकारीहून परतल्यावर रायफल रिकामी करताना सुटलेल्या अशाच एका गोळीने नऊ वर्षांचा मुलगा गेला. बंदूक निर्धोक करण्याचा क्षणच घातक ठरला.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपवला. पण हा प्रश्न केवळ बंदुकीचा नाही. आम्हा कारकुनांच्या नस्त्यांवर ‘तपासले’ असा शेरा असतो. तो वाचून वरचा निश्चिंत सही करतो आणि वरची सही होणार म्हणून खालचा निश्चिंत असतो. कळ लागलेली दिसते. सुई मोकळीच असते.

तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर एका स्नेह्यांच्या मुलीची स्पर्धा पाहण्याचा योग आला, तेव्हा एक गोष्ट मनात भरली. तेथे कळीवर कोणी विसंबत नाही. नेमबाजी थांबली की बोल्ट उघडायचा आणि रिकाम्या नळीत झगझगीत रंगाची सुरक्षा-पट्टी खोवायची. नळी रिकामी आहे हे कोणी सांगायचे नाही. ते दुसऱ्याला दिसले पाहिजे. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्यालाही हाच नियम.

त्या मुलीची अखेरची गोळी संपली. गुणफलकाकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. तिचे मात्र नव्हते. तिने बोल्ट उघडला, पट्टी खोवली, पंचांनी वाकून पाहिले, आणि मगच तिने आईकडे वळून पाहिले.