जागच्या जागी

दापोली तालुक्याचा इतिहास हे संग्रहालय मानले, तर त्याचे सर्वांत जुने दालन कातळात कोरलेले आहे. कोटजाई आणि धाकी या नद्यांच्या संगमाजवळ, पन्हाळेकाजी गावात, २९ लेणी आहेत. आरंभीची लेणी तिसऱ्या शतकाच्या सुमारास हीनयान बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली. दहाव्या-अकराव्या शतकांत वज्रयान पंथीयांनी तिथे महाचंडरोषण या देवतेची मूर्ती घडवली. शिलाहारांच्या काळात शिव आणि गणपती आले. पुढे नाथपंथीयांनी मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ आणि चौऱ्याऐंशी सिद्ध कोरले. नव्याने आलेल्याने जुनीच खोली घेतली आणि तिच्यात आपला देव वसवला. म्हणून एकाच कड्याला लागून चालत गेले, की हजार वर्षांची श्रद्धा ओळीने भेटते. या गावाचे जुने नाव प्रणालक. ११३९च्या शिलाहार ताम्रपटात ते आले आहे.

दुसरे दालन दाभोळचे. वाशिष्ठी नदी इथे समुद्राला मिळते. बहमनी आणि आदिलशाही काळात या बंदरात अरबस्तानातून घोडे उतरत. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात परतीच्या प्रवासासाठी इथूनच जहाजावर चढला. १५०८च्या अखेरीस पोर्तुगिजांनी बंदर जाळले. त्यानंतरच्या, सतराव्या शतकातल्या वैभवाची खूण म्हणून खाडीकाठी दगडी मशीद उभी आहे. लोक तिला अंडा मशीद म्हणतात.

तिसरे दालन हर्णैसमोर, पाण्यात. सुवर्णदुर्ग हे मराठी आरमाराचे बळकट ठाणे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. १७५५मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तो तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. आपल्याच आरमाराचा कणा मोडणाऱ्या त्या मोहिमेची सल या तटबंदीत आहे. आज तिच्या समोरच हर्णै बंदरात मासळीचा लिलाव भरतो.

चौथे दालन डोंगरावरच्या दापोली शहराचे. १८१८नंतर इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली, म्हणून जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. निवृत्त सैनिक इथे पेन्शनवर राहत. सुभेदार रामजी सकपाळ त्यांपैकीच. त्यांचे पुत्र भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. आंबेडकर, त्या वेळी लहान होते. मिशनच्या शाळेत शिकलेले पांडुरंग वामन काणे पुढे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक झाले. जवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरले. पालगड हे साने गुरुजींचे गाव.

शेवटची वस्तू कोणत्याच कपाटात मावत नाही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत परीक्षेसाठी सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले. वय लहान दिसते म्हणून तिथे त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. पायी जाऊनही परीक्षा न देता परतलेल्या या मुलाने पुढे स्त्रियांसाठी विद्यापीठ उभारले. तो ज्या गावातून निघाला, ते मुरुड आजही नारळी-पोफळीच्या सावलीत, समुद्राच्या काठी, जागच्या जागी आहे.