जीर्णोद्धार आणि निर्लेखन

देऊळ जुने झाले की त्याचा जीर्णोद्धार होतो. शाळा जुनी झाली की तिचे निर्लेखन होते. दोन्ही शब्द संस्कृत, दोन्ही भारदस्त. परंतु पहिला उच्चारताच गावात वर्गणीची वही फिरू लागते, आणि दुसरा उच्चारताच दारात जेसीबी येऊन उभा राहतो. हा दुसरा शब्द मी सरकारी कागदात प्रथम वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. ज्या जागी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना लिहावयास शिकविले, तीच जागा यादीतून खरवडून काढावयाची, आणि त्या कृत्यास नाव काय, तर निर्लेखन! एखाद्या विनोदी लेखकालाही याहून चपखल शब्द सुचला नसता.

आमचा वारंगा फाटा म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांचा संगम. यवतमाळ-उमरखेडकडून येणारा रस्ता आणि हिंगोली-कळमनुरीकडून येणारा रस्ता येथे मिळतात आणि जोडीने नांदेडची वाट धरतात. प्रवासी येथे थांबतो तो खिचडी खाण्यापुरता, नाहीतर गाडी बदलण्यापुरता. रस्ते रुंद झाले, दुकाने मागे सरली, जुनी झाडे गेली. फाट्याचा धर्मच पुढे जाण्याचा, त्याला मागे वळून पाहण्यास सवड कोठली? परंतु फाटा सोडून थोडे आत गेले की एका खेड्यात काळ्या दगडाची एक शाळा लागते. पाच खोल्या, पुढे सागवानी खांबांचा व्हरांडा, वर कौले. भिंती दोन हात रुंद. चैत्र-वैशाखात बाहेर ऊन रणरणत असता त्या खोल्यांत शिरावे, आणि विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखे वाटावे. शेजारीच अलीकडे बांधलेल्या दोन खोल्या आहेत. त्यांवर पत्रा आहे. दुपारी त्या खोल्यांतील मुले आपण होऊन जुन्या व्हरांड्यात येऊन बसतात. वास्तुशास्त्रावरचे याहून प्रामाणिक मत मी अद्याप ऐकलेले नाही.

त्या शाळेत मी अकरा वर्षे शिकविले. आज माझी नात तेथे तिसरीत आहे. तेव्हा शाळा पाडावयाची की राखावयाची हा प्रश्न आमच्या घरी नुसता चर्चेचा राहिला नाही.

पाडावी असे म्हणणाऱ्यांचा पहिला शब्द 'निजामकालीन' हा असतो. आमच्या मराठवाड्यात या शब्दाला दोन अर्थ आले आहेत: एक जुना, दुसरा मोडका. कधीकधी तिसराही येतो, तो म्हणजे परका. एक गृहस्थ मला तावातावाने म्हणाले, "गुरुजी, त्या राजवटीची खूण कशाला जपायची?" त्यांचा राग मी समजू शकतो. हैदराबाद संस्थानात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचेच. मराठी मुलाने परकी भाषा चढल्यावाचून वरची पायरी चढू नये, अशी ती व्यवस्था. त्या व्यवस्थेला उत्तर म्हणून १९२१ साली हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली, आणि १९२९ साली तेथे मुख्याध्यापक म्हणून आलेले तरुण व्यंकटेश खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. संस्थानाच्या मुक्तिलढ्याचा नेता शाळामास्तर होता, ही गोष्ट आम्ही १७ सप्टेंबरच्या भाषणांत सांगतो खरी, पण सांगताना शाळेपेक्षा लढ्यावर अधिक जोर देतो.

परंतु त्या रागाने भिंत पाडावी काय? दगड काही निजामाने वाहिले नाहीत. ते गावच्या बैलगाड्यांनी वाहिले, गावच्या वडारांनी फोडले, गावच्या बायकांनी चुन्यासाठी पाणी ओढले. आणि १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान मुक्त झाल्यावर कारभाराची भाषा बदलली, ती याच भिंतींच्या आत उमटली. शाळेचे जुने हजेरीपट मी पाहिले आहेत. अमुक पानापर्यंत मोडणी उर्दू आहे, मग काही पानांवर दोन्ही लिपी एकमेकींशी अवघडून बसल्या आहेत, आणि पुढे बालबोध अक्षर निर्वेधपणे चालू लागते. मराठवाड्याचा इतिहास मी पुष्कळ ग्रंथांत वाचला. पण त्या चार-सहा पानांनी मला तो जसा दिसला तसा तो ग्रंथांत दिसला नाही. ते हजेरीपट ज्या कोनाड्यात ठेवले आहेत तो कोनाडा भिंतीतच आहे. भिंत गेली की हजेरीपट कोठे जातील, हे कार्यालयांच्या अडगळीच्या खोल्या पाहिलेल्या माणसास सांगावयास नको.

दुसरा आक्षेप मात्र रागाचा नव्हे, भीतीचा आहे. आणि तो मला निरुत्तर करणारा वाटला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र संपत होती. सुमारे आठ हजार माणसे गेली, ती बहुतेक आपापल्या घरांच्या दगडमातीखाली. जाड भिंत म्हणजे बळकट भिंत, हा आमचा पिढीजात समज त्या पहाटे मोडला. पुढे २०२४ साली २१ मार्चला, आणि पुन्हा १० जुलैला, आमच्या हिंगोली जिल्ह्याची जमीन हादरली. दुसऱ्या धक्क्याचे केंद्र तर आमच्याच कळमनुरी तालुक्यात निघाले. भांडी वाजली, माणसे अंगणात आली, सुदैवाने इतकेच. त्यानंतर २०२५ च्या जुलैत राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी सूनबाईने ताट वाढता वाढता एवढेच विचारले, "आबा, तुमचं सगळं खरं असेल, पण आपली पोरगी त्या छताखाली बसते ना?"

या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर चालत नाही. वारसा, परंपरा, गावाची अस्मिता हे शब्द त्या ताटासमोर मला उच्चारवेना. जुन्या वास्तूंचे कैवारी पुष्कळदा येथेच चुकतात, असे मला वाटते. वास्तूवरील प्रेम ते स्वतःच्या डोक्यावर न पडणाऱ्या छताखाली बसून व्यक्त करतात.

तेव्हा मी आमच्या गवंडीमामांना गाठले. सत्तरी उलटलेला, चुना घाणीत मळताना पाहिलेला हा अखेरचाच माणूस. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, एके ठिकाणी सिमेंटचा गिलावा टोकरला आणि म्हणाला, "गुरुजी, भिंत म्हातारी न्हाई झाली, तिला दमकोंडी झालीय. वरून कौलाचं पाणी पाजायचं, आन् वर सिमेंटनं तोंड लिंपायचं. मग ती काय करल?" नांदेडहून आलेल्या एका अभियंत्यानेही पुढे तेच शास्त्रीय भाषेत सांगितले. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते; सिमेंटने ती ओल आत अडकते आणि दर्जा कुजतात. शिवाय किल्लारीच्या भिंती पडल्या त्या केवळ दगडाच्या म्हणून नव्हे. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांस बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, जोडकाम मातीचे होते, आणि वर माळवदाचा भार होता. आरपार दगड बसवून आणि भिंतींच्या माथ्यावर सलग पट्टा ओतून अशा भिंती सावरता येतात. अर्थात सगळ्याच सावरता येतात असे नाही, हेही त्याने स्पष्ट सांगितले. आणि त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

या साऱ्या खटपटीत मला पुण्याची वारंवार आठवण होत असे. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. महाराष्ट्रात शिकलेली प्रत्येक स्त्री ज्या जिन्याची ऋणी आहे तो जिना तेथे होता. पुढे खाली दुकाने आली, वर पडझड झाली, आणि वाड्याच्या जागेचा वाद कित्येक वर्षे न्यायालयात चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्रीतून, वाडा जमीनदोस्त करण्यात आला. आता तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावयाचे आहे. ते भव्य होवो. त्यास माझा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु गंज पेठेतील फुल्यांचे राहते घर संरक्षित स्मारक म्हणून उभे आहे, आणि त्यांची शाळा मात्र उरली नाही, हे मनातून जात नाही. घर जपले आणि शाळा हरवली, हा क्रम खुद्द त्या दांपत्याला फारसा रुचला असता असे वाटत नाही. दोष कोणा एकाचा नव्हे. दुरुस्तीच्या वेळी दुरुस्ती झाली नाही म्हणजे पुढे पाडणे हाच एक शहाणपणा उरतो, आणि तो शहाणपणा मग कोणीही दाखवू शकतो.

पुण्यामुंबईच्या वास्तूंना निदान वाद घालणारे तरी असतात. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी नियमावली आहे. खेड्यातील शाळेची नोंद ठेवणारे दप्तर एकच, आणि त्यात रकाना एकच: खोली वापरण्यास योग्य की धोकादायक. या दोहोंच्या मध्ये 'दुरुस्तीयोग्य' असा तिसरा शब्द असतो, एवढे त्या रकान्यात ठळकपणे यावे म्हणून मी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आले.

अभियंत्याचा अहवाल आमच्या मनासारखा सर्वस्वी आला नाही. पाचांपैकी तीन खोल्या राखण्याजोग्या; उत्तरेकडच्या दोन खोल्यांच्या भिंती फुगल्या आहेत, त्यांत आरपार दगड नाहीत, त्या उतरवाव्यात. ग्रामसभेत यावर बराच गलका झाला. सगळेच पाडा म्हणणारे आणि एक दगड हलवू नका म्हणणारे, दोघेही सारखेच नाराज झाले. अखेर ठरले ते असे: मुलांनी काम होईतो समाजमंदिरात बसावे, तीन खोल्यांचे सिमेंट खरवडून चुना लावावा, कौले बदलावीत, पट्टा ओतावा, आणि त्या दोन खोल्या यंत्राने न पाडता हाताने उतरवून त्याच दगडांत, आरपार दगड घालून, पुन्हा बांधाव्यात. खर्च थोडा अधिक. वर्गणीची वही फिरली, आणि ती देवळाच्या वहीपेक्षा फार मागे पडली असे म्हणता येणार नाही. सूनबाईने स्वतःच्या नावाने पाचशे रुपये मांडले. मात्र पट्टा ओतून झाल्यावरच पोरीला त्या खोलीत बसवीन, असे गुरुजींना बजावून.

काम सध्या चालू आहे. उतरविलेल्या प्रत्येक दगडावर तेली रंगाने आकडा घालण्याचे काम सातवीच्या मुलांनी अंगावर घेतले आहे. गवंडीमामा वरून दगड सोडतो, मुले आकडा मोठ्याने म्हणतात आणि वहीत मांडतात. उत्तरेकडची भिंत परवा एकशे बाराव्या दगडापर्यंत आली होती.