तळ्यातलं वारूळ

नागपंचमीचा दिवस. मालवणहून रिक्षाने मसुऱ्याच्या वाटेला लागलो, तेव्हा सर नुकतीच ओसरली होती. घराघरातून हळदीच्या पानांत उकडणाऱ्या पातोळ्यांचा वास येत होता. शेतं भरलेली, पण कुठे कुदळ दिसेना. आज जमीन खणायची नाही.

त्या वाटेवरच्या बिळवसचं सातेरी देवीचं देऊळ पाण्यात उभं आहे, म्हणून ते जलमंदिर. पाण्यावरच्या वाटेने आत गेलो. गाभाऱ्यात वारूळ. सांतेर म्हणजे वारूळ, त्यावरूनच सातेरी हे नाव पडलं असं मानतात. मूर्ती शोधणारी माझी नजर पाहून एक आजी म्हणाल्या, "मातयेचीच ती. तिका मूर्ती कित्याक व्हयी?"

भोवती पाणी, मध्ये माती आणि मातीच्या पोटात नाग. तिथे उभं असताना मला चीनचा ड्रॅगन आठवला, आणि तो उगाच नव्हे. बौद्ध भिक्षू कुमारजीवाने इ. स. 406 मध्ये 'सद्धर्मपुंडरीक' हे सूत्र चिनीत नेलं, तेव्हा त्यातल्या नागराजांसाठी शब्द योजला 'लोंग', म्हणजे ड्रॅगन. सागर नावाचा नागराज तिथे ड्रॅगनराज झाला. पुढे चिनी लोकांनी चार दिशांच्या चार समुद्रांवर असे चार राजे बसवले. पाऊस रुसला की शेतकरी त्यांनाच साकडं घालत. हरणाची शिंगं, माशाचे खवले, गरुडाची नखं असं या ड्रॅगनचं रूप. पण तो युरोपातल्यासारखा आग ओकणारा राक्षस नव्हे. तो पाण्याचा धनी. इ. स. 100 च्या सुमाराच्या एका चिनी शब्दकोशात त्याचं वर्षही दिलं आहे: वसंतात आभाळात चढतो, शरदात डोहात उतरतो.

चिनी लोकांचा नौकांच्या शर्यतींचा ड्रॅगन-उत्सव पाचव्या महिन्याच्या पंचमीला असतो. श्रावण हा आपलाही पाचवा महिना आणि नागाची तिथी पंचमीच. दोन्हीकडची महिन्यांची मोजणी वेगळी, त्यामुळे हा योगायोगच असेल; तरी मला तो फार आवडतो. दहा दिवसांनी, नारळी पौर्णिमेला, मालवणचा दर्या नारळ घेईल.

परतताना वळणावर रिक्षा थांबली. ओल्या डांबरावरून एक काळसर नाग सावकाश पलीकडे चालला होता. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं आणि कपाळाला हात लावला.

"राखणदार आसा. जांव दी तेका."

शेपूट गवतात दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही.